बर्फाला तरुण माणूस हवा

चोवीस पानांचं पाकीट आलं तेव्हा अर्डिथ सोरेन्सन बटाटे सोलत होती. पहिलं पान वाचून तिनं सुरी खाली ठेवली.

"ऑर्विल, क्लबनं आधी मला काढलं. आता म्हणतायत, माझी तक्रारही काढून टाका!"

"ऐकून घ्यायच्या आधीच?" नवऱ्यानं विचारलं.

"आधीच! तक्रारीत दम नाही म्हणे."

अर्डिथ अडुसष्ट वर्षांची. ब्रिटिश कोलंबियातल्या केलर क्रीक गावात कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाचा, क्लब होता. तिथला बर्फ एकतीस वर्षं तीच करायची. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, उलट पावली चालत, ती असे बारीक थेंब शिंपडायची की दगड सुतात जायचा. गेल्या वसंतात व्यवस्थापक लाइल डुकेटनं तिला घरी बसवलं. तिनं मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे वयावरून भेदभावाची तक्रार केली. त्यावर क्लबच्या वकिलाचा हा अर्ज: ते पदच रद्द झालं आहे, काम आता यंत्र करतं, वयाचा संबंध नाही, सबब तक्रार सुरुवातीलाच फेटाळावी.

उत्तराला तीन आठवड्यांची मुदत होती. अर्डिथनं चार वेळा मसुदा लिहिला.

"अगं, हे सगळं बर्फाचं कौतुक झालं," ऑर्विल म्हणाला. "वयाचा पुरावा कुठंय?"

"लाइल तोंडावर म्हणाला होता, बर्फाला तरुण माणूस हवा. पण ऐकलं मी एकटीनंच."

मुदतीला चार दिवस उरले असताना लाइलचाच फोन आला.

"अर्डिथ, घात झालाय! शनिवारी स्पर्धा आहे, अकरा गावांचे संघ येतायत. यंत्रानं बर्फावर नुसते फोड उठवलेत. मी स्वतः पाइप घेऊन सारखं करायला गेलो, तर लाटा झाल्या. आत्ता सोडलेला दगड वळून माझ्याच पायावर आला!"

"लागलं का रे?"

"माझं सोडा, तुम्ही या!"

अर्डिथच्या डोळ्यांसमोर तो फोडांचा बर्फ आला आणि तिचा जीव तुटला. पण ती म्हणाली, "आपलं प्रकरण चालू आहे, बाबा. काय ते लेखी पाठव."

घाईत लाइलनं वकिलाला विचारलं नाही. दहा मिनिटांत ईमेल आला: 'यंत्राला जमत नाही. तुमच्यासारखा हात अख्ख्या खोऱ्यात नाही. तरुण माणूस हवा हा हट्ट माझाच होता. माफ करा, पण या.'

ऑर्विलनं तो तीनदा मोठ्यानं वाचला. अर्डिथनं पाचवा मसुदा लिहिला. तो चार ओळींचा होता. खाली ईमेल जोडला, पाठवून दिला आणि टाकी पाठीवर घेतली. दोन दिवस खपून तिनं लाटा तासल्या, नवे थेंब शिंपडले.

शनिवारी दगड असे धावले की पाहुणे संघ खेळ सोडून बर्फच न्याहाळत बसले.

महिन्याभरानं निकाल आला: क्लबचा अर्ज नामंजूर, तक्रारीची रीतसर सुनावणी होईल. ती वेळ आलीच नाही. क्लबनं पडती बाजू घेतली. अर्डिथला लेखी माफी, बुडालेला पगार आणि नोकरी, तिन्ही गोष्टी मिळाल्या.

पुढच्या स्पर्धेला एका पाहुण्या कप्तानानं लाइलला विचारलं, "हा बर्फ कुणी केला हो?"

लाइलनं छाती फुगवली. "आमच्या अर्डिथनं. अडुसष्ट वर्षांच्या आहेत!"

पलीकडे टाकी भरणाऱ्या अर्डिथनं मान वर केली.

"एकोणसत्तर," ती ठणकावून म्हणाली. "मंगळवारीच पूर्ण झाली."