विजयोत्तर खांब-उत्पाटन समिती

आमच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा, संघ कित्येक वर्षं शेजारच्या ग्रँट्सबरीकडून मार खातो आहे, ही बाब विद्यापीठाने यंदा गांभीर्याने घेतली आणि नवा मुख्य कोच नेमला. वेंडेल क्रुपनिक. माणूस भला. पहिल्याच सभेत म्हणाला, "ग्रँट्सबरीला हरवीन, नाहीतर गाशा गुंडाळीन!" दोन्ही अर्ध्या वाक्यांना सारख्याच टाळ्या पडल्या.

आता, मोठा सामना जिंकला की प्रेक्षकांनी मैदानात घुसून गोलखांब उपटायचे आणि वाजतगाजत नेऊन नदीत विसर्जन करायचं, ही इथली रीत. त्यात हातपाय मोडतात. म्हणून विद्यापीठाच्या अध्यक्षा मर्लीन ओस्टरहाउट यांनी विजयाची वाट न पाहता विजयोत्तर खांब-उत्पाटन समिती स्थापन केली. मी तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणजे मला काही काम नाही, असं धरून मला सदस्य-सचिव करण्यात आलं.

हंगाम सुरू झाला. संघ पहिला सामना हरला, समितीने हेल्मेटं मंजूर केली. दुसरा हरला, उपटणाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. संघ हरत गेला आणि आमची तयारी रंगत गेली. ऑक्टोबरातली रंगीत तालीम तर अशी काही झाली की क्रुपनिक तणतणत माझ्या खोलीत आला.

"अहो प्रोफेसर, मैदानावरचे खांब कुठायत? पोरांनी किक मारायची कुठे?"

"मारा की अंदाजाने. नाहीतरी तुमचं सगळं अंदाजानेच चाललंय."

"आधी जिंकू तर द्या!"

"तो तुमचा विभाग, कोच. आमच्याकडून दिरंगाई होणार नाही."

शेवटी ग्रँट्सबरीचा सामना आला. त्यासाठी मैदानात नवे खांब रोवले गेले. आणि काय सांगू, आमची पोरं जिवाच्या आकांताने खेळली! शेवटचे काही क्षण, आम्ही दोन गुणांनी मागे, चेंडू खांबांच्या अगदी पुढ्यात. एक किक मधून गेली की तीन गुण. लिंडक्विस्ट नावाचा किकर पाय झटकत उभा राहिला. त्याने कच खावी म्हणून ग्रँट्सबरीने रिवाजाप्रमाणे विश्रांती मागितली. टीव्हीवर ट्रकच्या जाहिराती लागल्या, त्या संपता संपेनात.

तेवढ्यात चार वाजले. नगरपालिकेचा मिरवणूक परवाना चारचा होता. तोवर सामना संपलेला असेल, असं जाहिरातवाले सोडून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. हेल्मेटं चढली, शिट्टी झाली, खांब निघाले. एकालाही खरचटलं नाही. देखणं काम!

पुढचं मी खांबाला खांदा देऊन नदीच्या रस्त्यावर, शेजारून चालणाऱ्या बाईंच्या फोनवर पाहिलं.

"कोच, खांब गेले!" लिंडक्विस्ट ओरडत होता.

"गेले? कुठे गेले?"

"नदीवर!"

पंचांनी नियम वाचला. चेंडू दोन खांबांच्या मधून जायला हवा. खांब नाहीत, तेव्हा मध्यही नाही. तरी पोराने किक मारली, सरळ, सुरेख. गुण मिळाला नाही. क्रुपनिक मैदानातच बसकण मारून रडायला लागला. मला फार वाईट वाटलं.

पण मिरवणुकीत संतापाची लाट उसळली. "पुन्हा हरवलं मेल्याने!" "हाकला त्याला!" अख्खं गाव एका सुरात ओरडत होतं. आवाजही छान लागला होता, कारण खांद्यावर खांब असला की माणूस पोटातून ओरडतो.

"तुम्ही का गप्प, प्रोफेसर?" बाईंनी विचारलं.

"गप्प कुठे? हाकला त्याला!"

वाचकहो, हसताय काय? जरा खांदा द्या इथे. मला मूठ उगारायला हात मोकळा हवाय.