जेरिकोचा पॉवर सप्लाय

गेम सुरू झाला, जेरिकोने पडद्यावरची बंदूक उचलली आणि कॉम्प्युटर गपकन बंद पडला.

"पॉवर कमी पडतेय," शेजारचे मानोंग बेर्तो दारातूनच म्हणाले. त्यांची स्वतःची ट्रायसिकल रिक्षा कित्येक दिवस फाटकापाशी बंद पडून होती, पण दुसऱ्याचं यंत्र का बंद पडलं हे त्यांना लगेच कळायचं.

जेरिकोचं तोंड उतरलं. कॉम्प्युटरचे बाकी सगळे भाग थोरल्या भावाने, रोमेलने, दोहाच्या एका हॉटेलात राबून खोक्यातून पाठवले होते. जेरिकोने फक्त पॉवर सप्लाय इथे क्वेझोन सिटीत घेतला आणि जुळणी केली. शुक्रवारी रोमेलला सुट्टी होती आणि दोघे आपापल्या कॉम्प्युटरवरून एकत्र खेळणार होते. लहानपणी गल्लीतल्या दुकानात एका खुर्चीवर दोघे बसून खेळायचे. कुया, म्हणजे दादा, परदेशी गेल्यापासून ते सुखच संपलं होतं. शुक्रवार हुकला, तर पुढची सुट्टी कधी ते देव जाणे.

साडेपाचशे वॅटचा सप्लाय घेऊन जेरिको गिलमोरच्या कॉम्प्युटर बाजारात गेला. दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला.

"अरे वा, प्लॅस्टिकसुद्धा जागेवर! मग बदलून देतो की. साडेसातशेचा न्या. जास्त असलेला बरा."

घरी इनायची, म्हणजे आईची, मान ताठ झाली. "बघ! काढू या, काढू या करत होतास. प्लॅस्टिक होतं म्हणून बदलून मिळाला."

इनायच्या घरात रिमोट, सोफा, फ्रीजचा दांडा, सगळं प्लॅस्टिकमध्ये होतं. रोमेलने पाठवलेल्या वस्तूचं प्लॅस्टिक रोमेल आल्यावरच निघणार. "त्याच्या घामाचं आहे ते. त्याला वाटायला नको, आम्ही वाट लावली."

साडेसातशे वॅटवर कॉम्प्युटर तसाच बंद पडला. त्यात रोमेलचा फोन आला की मागे सारखी चुरचुर ऐकू यायची.

"कुया, हाही सप्लायचाच दोष असेल का रे?"

"असेल बाबा. मला भात शिजवता येतो, वॅट नाही कळत."

मानोंगांच्या मते घरातली बाकीची यंत्रं पॉवर खात होती. इनायने पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, भाताचा कुकर अर्ध्यात बंद केला. कॉम्प्युटर पडायचा तेव्हा पडलाच. फ्रीजमधले मासे वाया जाऊ नयेत म्हणून मानोंग जेवायला थांबले. जेरिकोने इंटरनेटवर विचारलं. एक म्हणाला वॅट वाढव, दुसरा म्हणाला कमी कर, तिसऱ्याने जुना सप्लाय विकायचाय का विचारलं. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी त्याने हजार वॅटचा आणला.

शुक्रवार उजाडला. दोघे भाऊ गेममध्ये शिरले, रोमेलने हाक मारली, "ये रे माझ्या मागे!" आणि जेरिकोचा पडदा काळा झाला.

जेरिकोला रडूच आलं. त्याने व्हिडिओ कॉल लावला. "कुया, माझ्याच्याने नाही होत."

"फोन फिरव. आतलं दाखव मला." रोमेल बघत राहिला. "काचेवर प्लॅस्टिक. पंख्यावर प्लॅस्टिक... जेरिको, प्रोसेसर थंड ठेवायला तो पंख्याचा ठोकळा बसवलास ना, त्याच्या तळाची फिल्म काढलीस?"

जेरिकोने इनायकडे पाहिलं. इनायने कोनाड्यातल्या बाळ येशूकडे पाहिलं. बाळ येशूही प्लॅस्टिकमध्ये होता.

"काढा म्हणून लिहिलं होतं ना त्याच्यावर?"

"इनाय म्हणाली, तुझ्यासमोर काढू."

"अरे गाढवा, गरमी बाहेर जात नाही म्हणून तो जीव वाचवायला बंद पडतोय! साडेपाचशे वॅट रग्गड होते!"

मानोंग ट्रायसिकल बघून येतो म्हणून सटकले.

"काढ," इनाय कशीबशी म्हणाली. "पण काचेवरचं राहू दे." निघालेली फिल्म तिने पुसून, घडी घालून बाळ येशूच्या पायाशी ठेवली.

गरमी ओढून घेणारा नवा लेप लावून ठोकळा परत बसला आणि गेम सुरू झाला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, कॉम्प्युटर ठणठणीत. दोघे भाऊ पोरांसारखे ओरडत होते आणि इनाय डोळे पुसत होती. फक्त फोनमधली चुरचुर काही थांबली नव्हती.

"कुया, आता तर सगळं नीट झालंय. मग हा आवाज कसला?"

रोमेल जरा घुटमळला. मग त्याने फोन खाली वळवला. खाली त्याची नवी खुर्ची होती, हातापासून पाठीपर्यंत प्लॅस्टिकमध्ये.

"म्हटलं, इनायला दाखवू आणि मग काढू."

इनायने फोन हातात घेतला आणि खुर्ची डोळे भरून पाहिली.

"छान आहे रे राजा," ती म्हणाली. "फार हलू नकोस, फाटेल."