खिचडी कुणी खायची

छावणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मार्थाबाई उजगरे यांच्यासमोर पातेलंभर खिचडी होती, वीस-बावीस मुलं होती, आणि खाणारं मात्र कुणी नव्हतं. मुलं रांगेत मांडी घालून बसली होती. ताटल्या वाढून झाल्या होत्या, प्रार्थना झाली होती. "खा" म्हटलं की मुलं गोड हसत आणि ताटली हळूच बाईंकडे सरकवत. मिरजेच्या इस्पितळात नर्स म्हणून उभा जन्म काढलेल्या बाईंनी न खाणारे रोगी खूप पाहिले होते. न खाता एवढे खूश असलेले त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

सन चौसष्टचा उन्हाळा होता. शारजाच्या उत्तरेला, समुद्रकाठचं हे कोळ्यांचं गाव. उन्हाळा लागला की ऐपतीची घरं खजुराच्या बागांकडे निघून जात, आणि बाकीची इथेच वाळूवर भाजत राहत. मागे राहिलेल्या या मुलांसाठी महिनाभर छावणी काढायची, त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, गाणी शिकवायची, ही कल्पना मार्थाबाईंची. त्यासाठी त्या आपल्या शारजातल्या मिशन दवाखान्याच्या डॉक्टर शिनगाऱ्यांशी चक्क भांडल्या होत्या.

"काढा छावणी," डॉक्टर शेवटी म्हणाले होते. "पण पुढच्या रविवारी मी येऊन बघणार. गरजू मुलं तुमच्या हातचं जेवताना दिसली तर पुढे चालू. नाहीतर तंबू गुंडाळा आणि मुकाट्यानं वॉर्डात या."

वॉर्डाला बाई घाबरत नव्हत्या. डॉक्टर "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणतील, त्याला घाबरत होत्या.

"मीठ जास्त झालं असेल का हो?" पौलस भांबळनं विचारलं. हा नगरकडचा तरुण मास्तर गाणी शिकवायला आला होता आणि आल्या दिवसापासून चुलीला जुंपला गेला होता.

"चाखून बघ की."

पौलसनं दोन ताटल्या भरून चाखली. मीठ बरोबर होतं.

पुढच्या दिवशी शिरा केला. त्याच्या पुढच्या दिवशी पावडरचं दूध, त्यात साखर. मुलं गाणी म्हणत, खेळत, मार्थाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून लोळत, एका चिमुरडीनं तर त्यांच्या केसांची वेणीही घातली. पण खायचं नाव काढलं की ओठ मिटून घेत. बाईंनी दुभाष्याला हाक मारली. दुभाष्या म्हणजे हर्णैचा नूरुद्दीन. भावाच्या दुबईतल्या दुकानात राहून त्याची अरबी पक्की झाली होती, आणि माणूस इतका गोडबोल्या की भांडणसुद्धा आमंत्रणासारखं करायचा.

"पोरं म्हणतात पोट भरलंय, बाय," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज. अल्लाची मेहरबानी."

त्याच संध्याकाळी उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई, परातीत तळलेली सुरमई घेऊन तंबूत आली. गावातली सगळ्यात वडीलधारी बाई. तिचा शब्द पुरुषही खाली पडू देत नसत. मार्थाबाईंना भरून आलं. रिकामी परात परत कशी करायची म्हणून त्यांनी तीत चार साबणवड्या ठेवल्या. इथेच घोळ झाला. मार्थाबाईंच्या माहेरी परातीत साखर घालून परत करतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. या गावात आलेल्या वस्तूपेक्षा मोठी वस्तू धाडल्याशिवाय घराची अब्रू राहत नसे. साबणांच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी खजूर आणि सुकी मासळी आली. बाईंनी मुलींचे फ्रॉक दिले. फ्रॉकांच्या बदल्यात कोंबड्या आल्या. बाईंनी घाबरून दोन चादरी दिल्या आणि तंबूच्या खुंटीला एक शेळी येऊन बांधली गेली.

"आता यांना काही देऊ नका," पौलस म्हणाला. "उंट येईल." तो मासळीचा तुकडा मोडत होता. आठवडाभरात त्याचे गाल चांगलेच वर आले होते, आणि मार्थाबाईंच्या पोलक्याचे हूकही कुरकुरू लागले होते.

शुक्रवारी उम्म राशिदच्या नातवाच्या पायात शिंपला घुसला. पट्टी बांधायला बाई तिच्या झावळ्यांच्या घरात गेल्या. कोपऱ्यात तांदळाची कोठी उघडी पडली होती. आत तळाला दोन मुठी तांदूळ. बाहेर चुलीवर मात्र तंबूसाठी मासळी शिजत होती. ज्यांना खाऊ घालायला आलो, त्यांचंच आपण इतके दिवस खात होतो. मार्थाबाईंनी तंबूत परत येऊन नूरुद्दीनला समोर बसवलं.

"पहिल्या दिवशी तू या लोकांना काय सांगितलंस?"

नूरुद्दीन आपल्या लुंगीची किनार बघू लागला. "तुमी बोल्लात, सांग यांना, तुमची पोरं गरीब आहेत, उपाशी आहेत, ती आमच्याकडे द्या."

"मग?"

"बाय, तुमीच सांगा, असं कुणाच्या दारात जाऊन कसं बोलायचं? आमच्या हर्णैत बोललो असतो तर काठी घेऊन निघाले असते. मी जरा अदबीनं फिरवलं."

"किती फिरवलं?"

"मी बोल्लो, ही बाई समुंदर पार करून आलीय, तिला पोरांची माया आहे, पोरं खेळायला पाठवा. तर त्या बायकांनी विचारलं, ही कुणाची आई? इथं तसंच पुकारतात, बाय. तुमाला मूल नाही, तर मी सच सांगितलं, कुणाची नाही. मग त्या रडायलाच लागल्या. घर नाही, तंबूत राहते, मूल नाही, भातात डाळ कालवून आजाऱ्यासारखं खाते. म्हणून पोरं उधार दिली तुमाला. आणि पोरांना ताकीद आहे, बिचारीच्या तोंडचा घास घ्यायचा नाही."

मार्थाबाईंनी पदर खोचला. मूल नसल्याचं त्यांना स्वतःला कधी एवढं रडू आलं नव्हतं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "मी बोलेन तेच सांगायचं. शब्दाला शब्द. आजपासून अदब खलास."

उम्म राशिदनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरच्या बुरख्याआड काय चाललंय ते कळेना. मग तिचे खांदे हलू लागले आणि ती हसतेय हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"म्हणते, पोरांना खायला घालायचं होतं तर पहिल्या दिवशी बोलायचं होतं," नूरुद्दीननं सांगितलं. "पोरं उद्यापासून खातील. पण तुमाला मात्र आमी घालणार. पाहुण्याला स्वतःचं शिजवून खाऊ दिलं तर गावाचं नाक कापलं जाईल."

"कशातून घालणार? कोठीत तांदूळ नाही."

"म्हणते, तांदूळ तुमचे आणा. तुमच्याच जेवणाला पाहिजेत ना?"

मार्थाबाईंना यातलं अर्धंच समजलं, पण गावाची अब्रू राखून छावणीचे तांदूळ आता घरोघर पोचणार हे मात्र कळलं. संध्याकाळपर्यंत मुलांच्या खिचडीपुरतं एक पोतं सोडून बाकीची रिकामी झाली.

शनिवारी दुपारी मुलांनी खिचडीवर अशी झडप घातली की पौलसला दुसरं पातेलं चढवावं लागलं. मार्थाबाई आणि पौलसच्या समोरच्या चटईवर गावानं मांडलेलं ताट होतं: मसालेभात, अख्खी सुरमई, भाजलेली कोंबडी. नेमके त्याच वेळी, एक दिवस आधीच, डॉक्टर शिनगारे जीपमधून उतरले.

डॉक्टरांनी आधी मुलांच्या ताटलीतली पातळ खिचडी पाहिली, मग मार्थाबाईंच्या हातातली तंगडी.

"वा," ते म्हणाले. "छावणी नक्की कुणासाठी आहे, बाई?"

मार्थाबाईंनी तोंड उघडलं, पण तोंडात घास होता. तेवढ्यात उम्म राशिदनं उन्हात उभ्या असलेल्या, घामानं भिजलेल्या त्या किडकिडीत माणसाला पाहिलं आणि चटईवर बसवून त्याच्यापुढे माशाचा मधला तुकडा ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर जेवू लागले. थोड्या वेळानं त्यांनी नूरुद्दीनला हुकूम केला, "यांना विचार, छावणीचा काही फायदा झाला का?"

उम्म राशिद बराच वेळ बोलली. नूरुद्दीननं मार्थाबाईंकडे आशेनं पाहिलं. बाईंनी मान हलवून नकार दिला, शब्दाला शब्द.

"म्हणते, पोरांचं ठीक आहे, ती कशीही वाढतात. पण ही दोन माणसं आली तेव्हा नुसती हाडं होती. आता बघा कशी भरलीत. महिनाभर ठेवलीत तर पुरती सुधारतील."

डॉक्टरांनी पौलसचे गाल पाहिले. मग मार्थाबाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर ओढून घेतला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि मांडीला टेकून पेंगणाऱ्या त्या चिमुरडीमुळे उठूनही जाता येत नव्हतं. तंबू गुंडाळायचे दोर कुठे ठेवलेत, ते त्या मनातल्या मनात शोधू लागल्या.

डॉक्टरांनी काटे नीट बाजूला काढले, बोटं चाटली आणि आणखी भात मागून घेतला.

"महिनाभर चालू द्या," ते म्हणाले. "सोमवारी दवाखान्यातल्या दोघी नर्सना पाठवतो. उन्हानं पार खंगल्यात बिचाऱ्या."

"अहो डॉक्टर, पण छावणी मुलांसाठी आहे," मार्थाबाई म्हणाल्या.

तोवर नूरुद्दीननं पलीकडे सगळं सांगून टाकलं होतं, आणि उम्म राशिद दोन जास्तीच्या चटया झटकायला निघून गेली होती.