गोदामावशींचं माप

गोदामावशींना नमस्कार केला, की त्या नमस्कार घेत नसत, हात घेत. समोरच्या बाईचं मनगट ओंजळीत धरायचं, अंगठ्यानं हळूच दाबायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा, "काल पापड खाल्ला व्हय?"

बहुतेक वेळा खाल्लेला असे.

मुलांनो, गोदामावशी म्हणजे आमच्या धाराशिवच्या कासारीण. आधी दारोदार फिरून बांगड्या भरत, पुढं बाजारात त्यांनी लहानसं दुकान टाकलं. बायकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. मी त्यांच्यासाठी कायम 'सव्वादोनवाल्या बाई'. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, वारल्या तेव्हा मावशी दारात येऊन हुंदके देत म्हणाल्या, "आमच्या अडीचवाल्या गेल्या हो." भेटायला आलेल्यांना काही कळेना.

चैत्रात घरोघरी पापड-कुरडया सुरू झाल्या, की मावशींचा धंदा बसे. बायका येता-जाता पापडाच्या लाट्या आणि कुरडयांचा चीक तोंडात टाकणार आणि दुसऱ्या दिवशी हात जड होणार. अशा हातात मावशी बांगडी भरत नसत. "आज माप खोटं हाय. मीठ सोडा, चार रोजानं या." बाई रागानं दुसऱ्या दुकानात जाई आणि सुजलेल्या हाताच्या मापाच्या बांगड्या भरून येई. आठवड्यात सूज उतरली, की त्या बांगड्या मनगटापासून कोपरापर्यंत नाचायच्या आणि भांडी घासताना एकेक फुटायच्या. मावशी मनापासून खूश.

एकदा मी माझं पुस्तकी ज्ञान त्यांना ऐकवलं. अंगात मीठ जास्त झालं, की शरीर पाणी धरून ठेवतं, त्यानं सूज येते, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो, असं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ज्यानं हे लिव्हलं, त्यानं किती जणींस्नी बांगड्या भरल्या?"

तेर गावच्या एका लग्नात तर त्यांनी नवरीच्या ताटातलं लोणचं उचलून नेलं. केळवणं जेवून जेवून पोरीची बोटं फुगली होती आणि हिरवा चुडा चढेना. आई चिडली, मामा चिडले, नवरी रडली. दोन दिवस तिला अळणी वरणभात मिळाला. तिसऱ्या दिवशी चुडा सुळकन बसला. मग मामांनीच मीठ बघायला आपलं मनगट मावशींपुढं धरलं.

यंदा संक्रांतीला मावशी नेहमीसारख्या घरी आल्या नाहीत. दुकानही बंद दिसलं, म्हणून मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. दारात पुरुषी चपला होत्या. त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी लांब नांदते. पाहुणे आलेत का, असं मी विचारलं, तर मावशींनी पटकन पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या स्वतःच्या चपला त्यांना होत नव्हत्या. त्या यजमानांच्या घालत होत्या.

मी वाकून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खळगा तसाच राहिला.

स्वयंपाकघरातली कढई पालथी होती, तिच्यावर धूळ. फडताळात दोन भाकरी आणि मिरचीच्या लोणच्याची बरणी.

"किती दिवस हेच खाताय?"

"हे गेल्यापासनं." मग हळूच म्हणाल्या, "एकटीपुरती भाजी कराया हात उठत न्हाय, बाई. भाकर शेजारीण देती. संगं लोणच्याचा खार घेतला, की उतरती घशाखाली."

मी त्यांना तशीच डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि लोणचं-पापड बंद करून भाजी-आमटीतलं मीठ कमी करायला सांगितलं. नाहीतर पुढच्या वेळी दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल, असं बजावलं. मी शाळेत शिकवताना वापरायचे त्या आवाजात हुकूम सोडला, की उद्यापासून अकराला माझ्याकडं जेवायला यायचं.

त्या आल्या. रोज आल्या आणि रोज कुरकुरल्या. भाजी म्हणजे गवत, आमटी म्हणजे धुणं धुतलेलं पाणी. मी लिंबू पिळायची, भाजलेलं जिरं घालायची. नावं ठेवत ठेवत त्या ताट स्वच्छ करत आणि मग तासभर जुन्या मापांच्या गोष्टी सांगत. खूप वर्षांनी माझ्या घरात दोन ताटं एकदम वाढली जात होती.

दीड महिन्यानं आम्ही परत डॉक्टरांकडं गेलो. सूज उतरली होती, दाबही खाली आला होता. मला फार आनंद झाला. येताना रिक्षा माझ्या दारात थांबली. मावशी मात्र उतरेनात.

"मंग आता बरं झालं म्हणल्यावर," बाहेर बघत त्या म्हणाल्या, "उद्यापासनं येऊ नगं का?"

"मीठ जन्मभर कमी ठेवायचं सांगितलंय, मावशी."

"जन्मभर?"

"जन्मभर."

त्यांनी पदर सावरला आणि त्या माझ्या आधी खाली उतरल्या.

"मंग आज दोडका करा," त्या म्हणाल्या. "भोपळा लई झाला."