ऐबासकट घर विकणे आहे

मनिरामभाऊंनी घर विकायला काढलं, तेव्हा सगळ्यात आधी घरातल्या प्रत्येक भेगेभोवती गेरूनं गोल काढला. मोठ्या भेगेला मोठा गोल, लहानीला लहान. छपराच्या मयालीला, म्हणजे आडव्या लाकडाला, वाळवी लागली होती, तिथं फुली. मागची भिंत परसातल्या वाडीकडे कलली होती, तिच्यावर बाण. पडली तर कोणत्या बाजूला पडेल ते समजावं म्हणून. दोन दिवसांत घराला गोवर निघाल्यासारखं दिसायला लागलं.

मी कुंपणावरून विचारलं, "भाऊजी, लोकं घर विकायच्या आधी चुना मारतात. तुम्ही हे काय करून राहिले?"

"वहिनी, चुना मारला की घेनाऱ्याले वाटते, याच्या खाली काहीतरी दडवलं हाय. मंग तो एकेक ऐब हुडकते अन् एकेका ऐबाचे पैसे कापते. मी सारे ऐब आधीच सांगून टाकतो. कापाले काही उरलंच नाही पायजे त्याच्यापाशी!"

आता हा माणूस कोण ते सांगते. आमच्या शेजारी राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पवनीच्या धानबाजारात उभी उमर मापारी म्हणून काढली, म्हणजे शेतकऱ्याचं धान तोलून द्यायचं काम. रिटायर झाला तरी हाताची सवय गेली नाही. दिसेल ते उचलून वजन सांगायचा. आमच्या नातवाच्या बारशाला त्यानं बाळ हातात घेतलं, डोळे मिटले अन् भर बायकांत म्हणाला, "पावने चार किलो. झबल्याचे वजा करा." बाळाची आजी, म्हणजे मीच, लाजेनं अर्धी झाले. पण दुसऱ्या दिवशी नर्सबाईनं काट्यावर ठेवलं, तर बरोबर तेवढंच!

दुसरी खोड म्हणजे कानात बोललेलं त्याला चालत नसे. बाजारात व्यापारी शेतकऱ्याला बाजूला नेऊन कुजबुजतात अन् तिथंच त्याचा गळा कापला जातो, असं त्याचं म्हणणं. म्हणून कोणी जवळ आलं की हा ओरडायचा, "उघड्यावर बोला जी!" आमचे हे एकदा बिचारे मूळव्याधीचं औषध विचारायला त्याच्या कानाशी लागले. "उघड्यावर बोला जी!" झालं. संध्याकाळपर्यंत आळीतल्या सतरा जणांनी यांना सतरा औषधं सांगितली. हे आठ दिवस घराबाहेर निघाले नाहीत.

तर अशा माणसाला घर विकायची घाई झाली होती. त्याची धाकटी बहीण गया. ती पडली गोंदियाकडे. आपला जिल्हा तुटला, तेव्हा तिचं गाव तिकडे गेलं. "जिल्हा वाटला म्हनून बहीन थोडी वाटली जाते," हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. गयाचा नवरा वारला अन् त्याच्या पुतण्यांनी तिला सांगितलं, पावसाळ्याआधी खोली मोकळी कर. तिच्याच गावात दोन खोल्या विकाऊ होत्या. मालकानं मिरगापर्यंत थांबतो म्हणून शब्द दिला होता. म्हणजे मिरगाआधी इथलं घर गेलं पाहिजे, अन् मातीच्या भावानं जाता कामा नये. नाहीतर गयाचं बिऱ्हाड रस्त्यावर.

घाईचा वास दलालांना लवकर येतो. एकामागून एक तीन आले. पहिल्यानं एक भाव सांगितला. दुसऱ्यानं त्याहून कमी. तिसरा तर म्हणाला, "काका, घराची किंमत तं काहीच नाही. वरून पाडाचा खर्च. मी आपला तुमच्याकडं पाहून घेऊन राहिलो." अन् खिशातून नोटांचं बंडल काढून इसार म्हणून मनिरामभाऊंच्या हातात कोंबायला लागला. कागद नाही, पत्र नाही.

मनिरामभाऊंनी हात मागं बांधले. "लिखापढी झाल्याबिगर मी तुमचा च्या बी नाही पेनार."

तो गेल्यावर मला म्हणाला, "वहिनी, हे तिघं एकाच ढिगावरचे हायत. एकेकटे येतात अन् भाव पाडत नेतात. आपन बाजारावानी करू. घेनारे सारे एकाच टायमाले बोलवू. ढीग मधात, मानसं भोवताल."

"ढीग कुठला भाऊजी?"

"हे काय, घर!"

अन् खरंच मंगळवारी सकाळी त्यानं अंगणात घराचा लिलाव मांडला. बाजारात धानाचा नमुना दाखवतात ना, तसा पितळी ताटात घराचा नमुना ठेवला: मूठभर भिंतीची माती, छपरावरचं अर्धं कवेलू अन् मयालीची एक ढलपी, वाळवीसकट. वाळवी जिवंत होती. बाया म्हणाल्या, हे कायले? तर म्हणे, "ताजा माल हाय."

तो तिसरा दलाल आला. कवेलू अन् टिनाचे पत्रे विकणारा दुकानदार आला, त्याला गोदाम पाहिजे होतं. कोंढा गावचे एक गुरुजी बायकोला घेऊन आले, त्यांना पवनीत राहायचं होतं. बाकी सगळी आळी तमाशा पाहायला. चहा माझ्याकडून, सांगायलाच नको.

मनिरामभाऊंनी काठी घेऊन सगळ्यांना घर फिरवलं. "ही भेग मांगच्या पुराची. ही माह्या लग्नातली, मांडवाचा खांब ठोकला तवाची. इथं पानी गळते. इथं बी गळते. इथं नाही गळत, इथंच मी झोपतो. माकडं येतात, ते घरासंगं फुकट."

दलालानं तोंड उघडलं, "पण काका, ती मागची भिंत..."

"सांगतलं जी!" आळीतली पोरंसोरं, म्हातारे, सगळे एकदम ओरडले.

"बरं, मयालीले वाळवी..."

"सांगतलं जी!"

"विहिरीले पानी..."

"उन्हाळ्यात आटते! सांगतलं जी!"

दलालाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याचं सगळं भांडवलच आम्ही हिसकून घेतलं होतं. तो हळूच दुकानदाराच्या कानाशी गेला, तशी काठी आपटली. "उघड्यावर बोला जी!"

मग बोली सुरू झाली. गुरुजी एक बोलले, दुकानदार त्यावर चढला. गुरुजींच्या बायकोनं त्यांना चिमटा काढला, तसे ते अजून चढले. चार लोकांसमोर मागं कसं हटायचं म्हणून दलालही वर गेला. शेवटी घर दुकानदाराला गेलं, दलालानं घरी येऊन सांगितला होता त्याच्या दुप्पट भावात. गुरुजींची बायको जाताना म्हणाली, "बरं झालं बाई, माकडांची मला भीतीच वाटते."

पंधरा दिवसांत लिखापढी, रजिस्ट्री, सगळं झालं. तिकडे गयाच्या खोल्याही घेतल्या. मिरगाला चार दिवस बाकी होते.

निघायच्या दिवशी सकाळी मेटॅडोर दारात उभा राहिला. भांडी, पेटी, शिलाई मशीन चढलं. खाट मात्र ओसरीतच. मी म्हटलं, "भाऊजी, खाट राहिली. अन् तुम्ही पुढं ड्रायव्हरजवळ बसणार का?"

तो माझ्या कानाशी आला. मग अगदी हळू म्हणाला, "खोल्या गयाच्या नावानं केल्या जी."

"बरं केलं. मग?"

"मंग काय. मी राहाचं का नाही, ते तिनं म्हनाले पायजे ना."

आम्ही सगळे धरूनच चाललो होतो, की भाऊ बहिणीकडे राहायला चालला. "तुम्ही विचारलं नाही तिला?"

त्यानं मान हलवली. "माय मेली त्या साली मी गयाची सही घेतली, या घरावरचा हक्क सोडल्याची. सारेच घेत होते बहिनींची. बदल्यात एक लुगडं देल्लं. ते बी बाजारातलं हलकं. आता कोन्या तोंडानं म्हनू, मले ठेव?" मग म्हणाला, "वहिनी, तुम्हीच इचारा ना."

मी फोन लावला. तो दाराआड जाऊन उभा राहिला, कडी तपासतोय असं दाखवत.

मी गयाला सगळं सांगितलं. सहीचं, लुगड्याचंही. मग गया म्हणाली, "वहिनी, ते लुगडं मी दोनच वर्स नेसली, तिसऱ्या साली फाटलं. त्याले म्हना ये. पन घोरनं तेवढं पवनीतच ठेवून ये."

फोन ठेवला तसं दाराआडून डोकं आलं. "काय म्हने?"

मी सांगितलं.

"लहानपनापासून खोटी हाय ते. मी कुठी घोरतो?" तो म्हणाला, अन् धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, घाम नव्हता तरी. मग ओसरीत जाऊन खाटेचं एक टोक उचललं अन् तसाच वाकून उभा राहिला.

"वहिनी, तिकडून धरता का जी?"

मी पदर खोचला अन् दुसरं टोक धरलं.