भागीरथीबाईंचे स्वभावचित्रण

नववीच्या वार्षिक परीक्षेत मराठीत पुन्हा नापास झालीस तर धाकट्या भावाच्या वर्गात बसावं लागेल, हे सुधाला घरात उठता-बसता ऐकवलं जाई. हा धाकटा भाऊ म्हणजे आठवीतला उपेंद्र. "वर्गात मला ओळख दाखवायची नाही हं, ताई," असं त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं. गणितात पास आणि मातृभाषेत नापास, असा पराक्रम सहामाहीला सुधानं केला होता, आणि तो पंचवटीतल्या सगळ्या कॉलनीत गाजला होता.

मराठीच्या शामसुंदर सरांना शेवटी दया आली. त्या वर्षी स्थूलवाचनाला एक जुनी नामांकित कादंबरी नव्यानं नेमली होती. बाजारात ती मिळत नव्हती. शाळेत एकच प्रत होती, ती सरांनी सुधाच्या हातात ठेवली.

"व्यक्तिरेखा नीट तयार कर. सोळा मार्कांचा प्रश्न आहे."

"पण सर, तुम्हाला शिकवायला?"

"मी वाचीन गं सवडीनं. सध्या ही जनगणना मागे लागलीय." आणि सर घरोघरीच्या मातीच्या चुली मोजायला निघून गेले.

सुधा पुस्तक घेऊन बसली, तोच आईची हाक आली. पापडांचे दिवस होते. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, अशी बायकांची पाळी चालली होती.

"आई, माझा अभ्यास!"

"मग लाटायला कुठं सांगतेय? मोठ्यानं वाच. तुझा अभ्यास होईल, आमचा वेळ जाईल."

पाट्यावर पीठ कुटायला गोदावरीआजी बसल्या होत्या. त्या शामसुंदर सरांच्या आई. पापडखाराचा अंदाज सबंध कॉलनीत त्यांनाच होता, त्यामुळे त्यांना दुखवायची कुणाची छाती नव्हती. शेजारीच त्यांची सून सावित्रीबाई मान खाली घालून लाटत होती.

सुधा वाचू लागली. कादंबरीतली सासू भागीरथीबाई मोठी कजाग होती. दुसऱ्याच पानावर तिनं द्वारका नावाच्या सुनेला उपाशी ठेवलं आणि दुधाच्या कपाटाला कुलूप लावलं.

"अगदी!" सावित्रीबाईच्या तोंडून निसटलं.

आजींनी बत्ता खाली ठेवला. "हे मला ऐकवायलाच आणलंय वाटतं? बसा तुम्ही. मी चालले."

अर्धं पीठ कुटायचं राहिलं होतं. आईनं सुधाला असा चिमटा काढला की तिला पुढचं आपोआप सुचलं.

"अहो आजी, पुढचं वाक्य तरी ऐका! 'कुलूप लावले, कारण घरात मांजरे फार झाली होती. मग त्यांनी द्वारकेला जवळ बसवून साय-भात भरवला.'"

"असं होय? मग आधी सांगायचं नाही का?" आजी पुन्हा बसल्या.

तिथून सुधा सुटलीच. पुस्तकात भागीरथीबाईनं सुनेला पावसात घराबाहेर काढलं, तर सुधानं तिला माहेरी पाठवलं, तेही छत्री देऊन. पुस्तकात द्वारका झुरून मेली. सुधानं तिचं डोहाळजेवण केलं. बायका डोळे पुसत लाटत होत्या, आणि पापड झकास होत होते.

आणि मग सर जनगणना आटोपून वर्गात आले.

"भागीरथीबाई म्हणजे मूर्तिमंत माया!" सर भारावून म्हणाले. "ते छत्रीचं दृश्य आठवा!"

सुधाच्या हातातलं पेन गळून पडलं. छत्री? ती तर तिच्याच डोक्यातली! पुस्तक तर अजून तिच्याकडेच होतं. म्हणजे आजी रोज जेवताना गोष्ट सांगत होत्या, आणि सर तीच सगळ्या वर्गाला शिकवत होते.

परीक्षेपर्यंत तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. खरं सांगावं तर आजींचा राग, न सांगावं तर धडधडीत खोटं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! पेपरात नेमका प्रश्न आला : 'भागीरथीबाईंचे स्वभावचित्रण करा.' सुधानं खूप विचार केला. पुस्तक तिनं आता परत केलं होतं. पेपर तपासायच्या आधी तरी सर ते उघडतीलच, शिक्षक आहेत शेवटी! तिनं डोळे मिटून खरं लिहिलं : कजाग, लोभी, निर्दय.

सरांनी पुस्तक उघडलं नाही. त्या प्रश्नाला शून्य, शेजारी लाल शाईत 'कादंबरी वाचलेलीच नाही,' आणि सुधा तीन मार्कांनी नापास.

ती रडत-रडत शाळेत गेली, पुस्तक मागून घेतलं आणि थेट सरांच्या घरी धडकली.

"सर, मी बरोबर लिहिलंय. हे बघा, दुसरंच पान!"

"दाखव," सर चष्मा शोधू लागले.

"तूच वाच गं," झोपाळ्यावरून आजी म्हणाल्या. "शाम्याला तुझ्यासारखं वाचता येत नाही."

सुधानं पान उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात तिला सावित्रीबाई दिसली. तिच्या हातात चहाचा कप होता, वर चांगली जाड साय होती, आणि मागं दुधाचं कपाट सताड उघडं होतं. तिनं कप खाली ठेवला आणि सुधाकडे बघून गुपचूप हात जोडले.

सुधाच्या डोळ्यांपुढे उपेंद्र उभा राहिला. तिला रडूच आलं. पण ती वाचू लागली, "'...कुलूप लावले, कारण घरात मांजरे फार झाली होती.'" आणि पुस्तक मिटून म्हणाली, "माझंच चुकलं, सर."

"मग? मी काय लिहिलं होतं?" सर विजयानं म्हणाले.

"शाम्या, गप," आजी गरजल्या. "पोरीनं आपण होऊन चूक कबूल केली. भागीरथीबाई असत्या तर त्यांनी काय केलं असतं? जवळ घेतलं असतं! दे तिला तीन मार्क."

"अगं आई, असं कसं..."

"इतके दिवस तीच गोष्ट वर्गात शिकवलीस, आणि त्यातनं काही घेतलं नाहीस?"

सरांनी निमूटपणे लाल पेन काढलं.

"आणि सुधा," आजी म्हणाल्या, "दहावीची कादंबरी माझ्याच ओट्यावर वाचायची. तिच्यात सासू आहे ना गं? कशी आहे?"

दहावीला कुठली कादंबरी आहे, हेच सुधाला अजून ठाऊक नव्हतं.

"फारच प्रेमळ आहे, आजी," ती म्हणाली.