लॉन्ड्रीकाकांचा निळा पट्टा

लॉन्ड्रीकाकांनी मशीनचं झाकण उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं. आत डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचे बारा नवेकोरे निळे पडदे होते आणि त्यांच्या मधोमध, वेटोळं घालून, काकांचा स्वतःचा पट्टा बसला होता. सकाळी तो पांढरा होता. आता चांगला गडद निळा झाला होता.

एकतीस वर्षांच्या धंद्यात काकांनी एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागू दिला नव्हता. नवा कपडा पहिल्यांदा एकटा धुवायचा, हे ते इतक्या वेळा सांगत, की गिऱ्हाइकं कपडे टाकतानाच ते वाक्य पुरं करून मोकळी होत. आज मात्र घाई झाली. पट्ट्याला दोन वर्षांच्या घामाचा वास होता, आणि घरात एक तर हा पट्टा राहील नाहीतर मी, असं काकूंनी चहा ओतता ओतता सांगून टाकलं होतं. काकू काही कुठे जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. तेव्हा काकांनी जे मशीन उघडं दिसलं त्यात पट्टा कोंबला आणि आत काय आहे ते पाहिलंच नाही.

हा पट्टा पँटचा नव्हे, ब्राझिलियन जिउ-जित्सूचा. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाण्याआधी मुलीने बापाला हाताला धरून टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये नेलं होतं. गठ्ठे उचलून पाठ गेली तुमची, जरा अंग हलवा, एवढंच तिचं म्हणणं. तिथे लाथा नाहीत, बुक्क्या नाहीत. समोरच्याला जमिनीवर आणायचं, गुंतवायचं आणि त्याचा एखादा सांधा किंवा गळा असा धरायचा, की त्याने हाताने दोनदा थोपटून सुटका मागावी. थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, मग तो वैरी का असेना. तिथे शिकवणारे सर सांगत, ही विद्या जपानातून जहाजाने ब्राझीलला गेली आणि तिथे किरकोळ अंगाच्या माणसांनी पाठीवर पडून लढायची रीत तिच्यात मुरवली. अंगावर कोणी बसला म्हणजे हरलो असं नाही. तिथून तर खरं काम सुरू होतं. जन्मभर गठ्ठ्यांखाली वावरलेल्या काकांना हे फारच पटलं.

तिथे पांढऱ्यानंतर निळा. पण तो विकत आणून बांधायचा नसतो, सर आपल्या हाताने बांधतात. त्याआधी पांढऱ्या पट्ट्याच्या टोकाला एकेक करून चार चिकटपट्ट्या मिळतात. काकांच्या चारही झाल्या होत्या आणि त्या त्यांनी दुकानाच्या परवान्यापेक्षा जपल्या होत्या. आता त्या मशीनच्या जाळीत अडकून पडल्या होत्या.

काकांनी लिंबू चोळलं, मीठ लावलं, उकळत्या पाण्यात पट्टा बुडवला. मिठाने रंग जाण्याऐवजी पक्का बसला. जिथे थोडे फिकट डाग होते तेही जमून आले. शेवटी ब्लीचची बाटली काढली, तर तिनेही हात टेकले. काठापासून काठापर्यंत एकसारखा, बोटाला न लागणारा निळा. एवढ्या संकटातही काकांच्या मनात येऊन गेलं, की ठरवून केलं असतं तर इतकं सुबक काम झालं नसतं.

मागच्या दारी दोरीवर वाळत टाकलेला पट्टा काकूंनी पाहिला. पांढऱ्यानंतर काय येतं, हे मुलीने फोनवर सांगून सांगून त्यांच्या डोक्यात भरलं होतं. त्या पट्टा घेऊन तशाच पुढे काउंटरवर आल्या. तिथे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, हातात पांढऱ्या कोटांचा गठ्ठा.

"अहो, मिळाला आणि सांगितलं नाही?" काकू म्हणाल्या. "सकाळी मी काय काय बोलले त्याला."

काकांनी तोंड उघडलं. मिळाला नाही म्हणावं, तर निळा कसा झाला ते सांगावं लागणार. ते सांगावं, तर पडदे डॉक्टरीणबाईंचे, समोर उभ्या डॉक्टरीणबाई, आणि हातात पांढरे कोट. काकांनी तोंड मिटलं.

"लाजतायत," काकूंनी डॉक्टरीणबाईंना समजावलं.

दुपारपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. समोरचा सायकलवाला हात मिळवून गेला आणि जाताना आपली बोटं जागेवर आहेत ना ते पाहून गेला. काकूंनी मुलीला फोन केला. मुलगी आनंदाने रडली, आणि रडून झाल्यावर तिने आभार मानायला थेट सरांना फोन लावला.

हे कळलं तेव्हा काकांच्या हातातली इस्त्री एका जागी थांबली. पुढच्या मिनिटाला एका शर्टाची कॉलर गेली असती. "सर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"आधी रंग कोणता ते दोनदा विचारलं म्हणे," काकू म्हणाल्या. "मग म्हणाले, काकांना संध्याकाळी तो बांधूनच यायला सांग."

आजारी पडावं, असं काकांना वाटलं. पण हॉलवरच्या सोळा जणांचे गणवेश काकाच धूत, आणि ते आजच पोचवायचे होते. गणवेश धुऊन तयार असताना लॉन्ड्रीवाला आजारी पडला, हे कोणाला पटलं नसतं.

संध्याकाळी हॉलमध्ये नेहमीसारखी पट्ट्यांच्या रंगाप्रमाणे ओळ लागली. काका निळ्यांत गेले नाहीत, पांढऱ्यांत राहिले नाहीत, मधल्या फटीत अंग चोरून उभे राहिले. सरांचे कान वर्षानुवर्षं चटईवर घासून वाळलेल्या जर्दाळूसारखे झालेले. ते काकांच्या कमरेकडे बराच वेळ बघत राहिले.

"रीत आहे, काका," ते म्हणाले. "बसा."

नवा पट्टा ज्याच्या कमरेला, त्याने त्या संध्याकाळी एकामागून एक सगळ्यांशी झुंजायचं, अशी तिथली जुनी रीत. सगळे आनंदाने रांगेत बसले. काकांनीच धुतलेल्या गणवेशांत.

पहिली आली बँकेतली कॅशिअरबाई. तीन वर्षं पांढऱ्याच पट्ट्यावर अडकलेली, अंगाने चिमणी, पण धरायला गेलं तर मासोळी. काकांनी पाठीवर पडून दोन्ही पायांनी तिच्या कमरेला विळखा घातला आणि तिची बाही मुठीत धरली. एकतीस वर्षं ओल्या चादरी पिळलेली मूठ ती. बाईंनी ओढली, झटकली, पाय लावून पाहिला. पाच मिनिटं झाली तरी बाही काकांकडेच. दुसरे चित्रकलेचे मास्तर. त्यांनी काकांना खाली दाबलं, तर काकांनी कंबर उचलून पूल केला आणि मास्तरांना गादीसारखं पलटी केलं. बघणारे टाळ्या वाजवू लागले. काकांचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण छाती दोन इंच फुगली होती. मशीनमध्ये काय झालं ते घटकाभर ते विसरलेही असतील.

तिसरा ट्रकवाला. शंभर किलोचा, खराखुरा निळा. तो छातीवर बसला आणि त्याने काकांची कॉलर गळ्याशी आवळत आणली. काकांनी हनुवटी दाबली, एक हात मध्ये घातला. मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"वा काका, निळा शोभतो तुम्हाला," कोणीतरी म्हणालं.

काकांनी दोनदा थोपटलं. ट्रकवाल्याने तत्काळ सोडलं. काका मात्र चटईवर थोपटतच राहिले.

"सोडलं की, काका," ट्रकवाला घाबरून म्हणाला.

"तुम्ही नव्हे हो." काका उठून बसले. "सर, हा पट्टा मला मिळालेला नाही. माझ्या मशीनमध्ये पडद्यांचा रंग लागला त्याला. माझ्याच हातून. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

सोळा माना एकदम खाली झुकल्या आणि जो तो आपापला गणवेश तपासू लागला.

"काका," ट्रकवाला हळूच म्हणाला, "माझ्या बाहीवर हे गुलाबी आहे, ते..."

"तुमचा गणवेश मागच्या आठवड्यात माझ्याकडे आलाच नव्हता. घरी कोणी धुतला?"

ट्रकवाल्याने आठवून पाहिलं. "मीच," तो म्हणाला आणि बाही दुमडून बसला.

सर काकांसमोर येऊन मांडी घालून बसले. "काका, इथे पट्टा मी देतो. मी दिला नाही, एवढं मला ठाऊक असणार ना?"

हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. एका झुंजीत बोलाल असं वाटलं होतं. तीन लागल्या. तुमचा दम वाढलाय."

त्यांनी कपाटातून एक जुना पांढरा पट्टा काढला आणि त्याच्या टोकाला नव्या चार चिकटपट्ट्या स्वतः लावल्या. काका पांढऱ्यांच्या ओळीत जाऊन उभे राहिले. दुपारपासून वाकलेली पाठ तेव्हा कुठे सरळ झाली.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

"तिघांशी झुंजलात?"

"तिघांशी."

"त्या ट्रकवाल्याशीसुद्धा? शेवटी, दमल्यावर?"

"हो. पण तिथे हरलो."

दुसऱ्या दिवशी काउंटरवर पट्ट्याची गोष्ट मागे पडली आणि ट्रकवाला दोन मिनिटं धडपडत होता, ही गोष्ट सुरू झाली. दोनाची दहा काकूंनीच केली. काकांनी पडदे आणि कोट घेऊन स्वतः डॉक्टरीणबाईंच्या घरी जाऊन घडलेलं सांगितलं. बाईंनी पडदे उजेडात धरून पाहिले, ते फिके झालेले नाहीत याची खात्री केली आणि पांढऱ्या कोटांचा गठ्ठा परत काकांपुढे सरकवला. जो माणूस स्वतःच्या पट्ट्याचं सांगायला घरी येतो, तो माझ्या कोटांचंही सांगेल, असं त्या म्हणाल्या. काका रस्त्यातून बरेच ताठ चालत परत आले.

जेवणाच्या सुट्टीत कॅशिअरबाई दुकानात आली. तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला आपला पांढरा पट्टा काढून काउंटरवर ठेवला.

"काका, एक विचारू? दवाखान्याचे अजून पडदे यायचेत का?"

काकांनी पुडकं उचललं, तिच्या पिशवीत परत घातलं आणि पिशवीचे बंद नीट बांधून दिले.

"आम्ही इथे मळ काढतो, बाई. रंग वर हॉलमध्ये लागतो, आणि सावकाश लागतो. सातला या."

"येईन. पण आज माझी बाही तरी सोडाल का?"

"थोपटा," काका म्हणाले. "लगेच सोडतो."